थकलो म्हणणारा कॅप्टन

व्लादन पेरुनिचशी माझी ओळख जिन्यात झाली. सर्बियात, झेमुनमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणजे नेहमीसारखीच होती. हातावर सोनेरी पट्ट्यांचा कोट टाकून, बॅग ओढत हा गृहस्थ वर चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला डोकं टेकत होता. नवा शेजारी भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात राहायला आलाय हे ठाऊक होतं; हृदयरोगी आहे हे ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरला दाखवलंस का?" मी विचारलं.

"दाखवलं, मावशी. हृदय घोड्याचं आहे म्हणतो. फक्त झोपायला वेळ मिळत नाही."

घरातली साखर संपली हे जसं सांगावं, तसं त्याने हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा विमान घेऊन गेला, शे-दोनशे माणसं मागे बसवून. मी त्या आठवड्यात बहिणीकडे विमानाने जाणार होते. बसने गेले.

त्याचा बाप चाचाक गावात बस चालवायचा. व्लादन वयात आला तेव्हा देशावर निर्बंध होते आणि आमचं एकही प्रवासी विमान परदेशी जात नव्हतं. नेमकं तेव्हाच याला वैमानिक व्हायचं होतं. "समुद्र नसलेल्या गावातून खलाशी व्हायला निघालाय," असं त्याची आई शेजारणींना सांगायची. दिवसा पावाची गाडी चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी व्रशात्सच्या टेकडीवर जाऊन बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून उडायचं, असं त्याने तारुण्य काढलं. पुढे मक्यावर औषध फवारलं, मग पार्सलं वाहिली, मग माणसं. चाळिशी उलटल्यावर कॅप्टन झाला. मोठा झालो असं त्याला तेव्हा वाटलं असणार. बिचाऱ्याला हिरवी शेपटी अजून भेटायची होती.

कंपनीचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्यांचा वकील दारात येईल आणि वकिलांना कॉफी पाजायची मला हौस नाही. तिच्या विमानांच्या शेपट्या हिरव्या आहेत, एवढं पुरे. या कंपनीत वैमानिक हा नोकर नसतो. तो असतो 'स्वतंत्र व्यावसायिक', आणि त्याचा करार कुठल्याशा बेटावरच्या एजन्सीशी असतो, जिचं ऑफिस म्हणजे दारावरची पाटी. उडेल तेवढाच पगार. ताप आला, पगार नाही. धुक्याने विमान अडलं, तरी नाही. गणवेश स्वतः विकत घ्यायचा, आणि आकाशात तहान लागली तर पाण्याची बाटलीसुद्धा आपल्याच विमानात गिऱ्हाईक होऊन विकत घ्यायची. सुट्टी फोनवर रद्द होते. आजारी आहे असं कळवलं तर मुख्य कचेरीत बोलावून, 'नक्की काय वाटत होतं?' असं तीन-तीन माणसं विचारतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशी ही स्वस्त तिकिटं. आणि आमचे लोक खूश. हातगाडीवरच्या पोळीपेक्षा स्वस्तात रोमला जाऊन आलो, असं सांगत फिरतात. पोळी लाटणारा निदान रात्री झोपतो.

या कंपनीत रेल्या काटिच नावाचा माणूस आहे. व्लादनबरोबरच व्रशात्सला शिकला. थोडी वर्षं उडला, पण उंचावर त्याचा जीव रमेना, खुर्चीवर रमला. आता तो 'कर्मचारी आनंद विभागा'चा प्रमुख आहे. मी विनोद करत नाहीये, त्याच्या दारावर तसं लिहिलंय. याचं काम म्हणजे वैमानिक कण्हला की त्याला फोन करायचा. "मित्रा, तू ठीक आहेस ना? मला तुझी काळजी वाटते," असं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवसाचं उड्डाण त्याच्या गळ्यात घालायचं. केस मागे चापून बसवलेले, दात पांढरेशुभ्र, आणि पाठीचा कणा शस्त्रक्रियेने काढल्यासारखा.

आता मूळ गोष्ट. उन्हाळ्यात व्लादन आणि त्याची सहवैमानिक तियाना विमान घेऊन परत येत होते. नियम असा आहे की फारच झोप आली तर एकाने खुर्चीतच थोडा वेळ डोळे मिटावेत. दुसऱ्याने मात्र जागं राहायचं. तियानाने विचारलं, त्याने हो म्हटलं, ती झोपली. मग ती जागी झाली, त्याने डोळे मिटले. आणि कसल्याशा आवाजाने तो दचकून उठला तर शेजारी तियाना मान टाकून गाढ झोपलेली. खाली एड्रिआटिक समुद्र. रेडिओवर कुणीतरी त्यांच्या विमानाला हाका मारतंय, पुन्हा पुन्हा, वैतागून.

हे त्याने मला जिन्यात सांगितलं, कचऱ्याची पिशवी हातात धरून. पिशवीतून काहीतरी गळत होतं. त्याचं लक्ष नव्हतं.

"किती वेळ दोघं झोपला होतात?"

"ठाऊक नाही, मावशी. तेच तर."

त्याने सगळं रीतसर कंपनीला कळवलं. तियानाला दोष दिला नाही. आधीच्या दिवसांत कामाच्या पाळ्या कशा लावल्या होत्या तेवढं सांगितलं. रेल्याचा लगेच फोन. "अरे, दोघं कशाला लिहिलंस? एक लिही. एक झोपणं नियमात बसतं." आठवड्याने कंपनीकडून सर्व वैमानिकांना सूचना आली की झोपण्यापूर्वी उशीवर लव्हेंडरचे दोन थेंब टाकावेत. बाकी पाळ्या तशाच.

मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना लोखंड कसं थकतं ते शिकवलं. लोखंडाला कुणी लव्हेंडर लावत नाही. त्याच्यावरचा भार उतरवतात, नाहीतर पूल पडतो.

तर शरदात व्लादन माल्टाला अडकला. सकाळपासून उशीर होत होत दिवस इतका लांबला की परतीचं उड्डाण केलं तर कामाची मुदत ओलांडणार. मुदत थोडी वाढवता येते, पण ती वाढवायचा हक्क फक्त कॅप्टनचा. मी आणि माझी माणसं उडायला समर्थ आहोत, असं त्याला स्वतःला वाटलं तरच. कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट वादळासाठी ठेवली होती. हिरव्या शेपटीने तिचा राजरस्ता केला. त्यांच्याकडे मुदत रोजच वाढते.

रेल्याचा फोन आला. "निर्णय पूर्णपणे तुझा आहे, मित्रा. फक्त घेण्याआधी पुढच्या वर्षीच्या कराराचाही विचार कर, एवढंच."

व्लादनने तियानाकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उलट्या बाजूने फिरवत होती आणि ते निघत का नाही म्हणून चिडत होती. तो उठला, प्रवाशांसमोर गेला, आणि जे कुठलाच शहाणा कॅप्टन करत नाही ते त्याने केलं. खरं बोलला.

"मंडळी, विमान उत्तम आहे. हवा उत्तम आहे. मी थकलोय. माझी आई या विमानात असती तर मी तिला खाली उतरवलं असतं, म्हणून तुम्हालाही उतरवतोय. माफ करा."

टाळ्या वाजल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल. "कॉफी पी रे!" कुणीतरी ओरडलं. एक बाई म्हणाली, तिचा मेहुणा ट्रक घेऊन थेट हँबर्गपर्यंत जातो, तो नाही कधी थकत. आणि एका टिकोजीरावाने हे सगळं फोनवर टिपलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या सर्बियाने ते पाहिलं. कंपनीने जाहीर केलं: 'कॅप्टनची प्रकृती अचानक बिघडल्याने गैरसोय झाली.' झालं! आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने मला डोळा मारून विचारलं, "प्रकृती म्हणजे बाटली ना, प्राध्यापकबाई?" मी त्याच्याकडून अंडी घेणं बंद केलं.

कंपनीला आता एकच गोष्ट हवी होती. व्लादनने स्वतः म्हणावं, की होय, मी त्या दिवशी आजारी होतो. कॅप्टन आजारी पडला तर तो दैवाचा खेळ. कॅप्टन थकला तर मात्र कुणी थकवला, असा प्रश्न येतो; मग सरकारी तपासनीस येतात आणि सगळ्यांच्या पाळ्या उघडून बघतात. आजारी म्हण, आणि सोमवारपासून कामावर ये. नाही म्हणालास तर करार संपला. त्या जातीची विमानं उडवणारी दुसरी कंपनी इथे नाही. म्हणजे पन्नाशीत बिऱ्हाड उचलून अरबांच्या वाळवंटात जा, नाहीतर घरी बस.

त्याची बायको बिसेर्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. शाळेत संगीत शिकवते. चांगली बाई, पण घाबरट. "मावशी, तुम्ही तरी सांगा त्याला. सर्दी होती म्हण म्हणावं. सर्दी कुणाला होत नाही?"

"आणि तियानाला काय झालं होतं? तिलाही सर्दी?"

"मला तियानाचं काय घेणंदेणं! माझ्या नवऱ्याला दुसरं काहीही येत नाही. त्याला साधा नळ दुरुस्त करता येत नाही!" हे मात्र खरं होतं. आमच्या भिंतीवरचा ओलावा त्याच्याच कृपेचा.

नोव्हेंबरात पेरुनिचांच्या घरची स्लावा आली. घराण्याच्या संताचा दिवस. यांचा महादूत मिखाएल. स्लावेला आमंत्रण देत नाहीत. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि आलेल्याला हाकलत नाहीत. मग तो सावकार असो की घटस्फोटित जावई. घरधनी दिवसभर बसत नाही. आपल्या स्लावेला तो स्वतःच्या घरात वाढपी असतो. ग्लास भरायचे, ताटं बदलायची, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभं राहायचं. खालच्या मजल्यावरचा म्हातारा कर्नल यंदा त्याच्या स्लावेला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊन उभा होता. बसायचं नाव नाही.

मी गेले तेव्हा टेबल भरलेलं. बिसेर्काचे वडील तिहोमिर, निवृत्त दंतवैद्य, देवाने जीभ कात्रीसारखी दिलेले. कर्नल कुबड्या टेकत आला होता, तियाना आली होती. गोयको नावाचा हिरव्या शेपटीचाच दुसरा कॅप्टन आला होता. त्याला आणि तियानाला दुसऱ्या दिवशी उडायचं होतं म्हणून दोघांसमोर सफरचंदाचा रस. मेणबत्ती जळत होती, आंबवलेल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा मंद आचेवर होता, सगळं ठीक चाललं होतं. आणि बेल वाजली.

दारात रेल्या काटिच. एका हातात महागडी बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचं खोकं.

"मंगल असो स्लावा, घरधनी!" त्याने व्लादनच्या गालांवर तीन मुके घेतले. व्लादन म्हणाला, "ये." दुसरं काय म्हणणार? याच हिशोबाने तर तो मेला आला होता. ऑफिसात व्लादन त्याला भेटत नव्हता, फोन उचलत नव्हता. पण स्लावेच्या दिवशी दार बंद करता येत नाही.

रेल्याने संताच्या प्रतिमेपुढे क्रूसाची खूण केली, इकडेतिकडे पाहिलं. "गहू कुठाय? गोड गहू नाही शिजवला?"

"गहू मेलेल्यांसाठी," तिहोमिर म्हणाले. "महादूत जिवंत आहे. जिवंताच्या नावाने आम्ही नाही शिजवत. तुमच्या कंपनीत पद्धत वेगळी असेल."

रेल्या सगळ्यांत मोठ्याने हसला. मग टेबलाच्या डोक्याशी खुर्ची ओढून बसला, आणि बसलाच. सूप झालं, खिमा झाला, डुकराचं भाजलेलं मांस झालं, शेजारीपाजारी येऊन गेले. हा आपला पाय पसरून. आणि व्लादन त्याच्या मागे उभा राहून त्याचा ग्लास भरतोय. मी माझं ताट बाजूला सारलं. बिसेर्का मात्र त्याच्या ताटात कुरकुरीत तुकडे निवडून वाढत होती. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने नजर चुकवली.

"तियाना, खा ना," रेल्या म्हणाला. "वाळलीस किती!"

"सकाळी चारला उठायचंय. भूक मरते."

"अगं, तुझ्या वयात मी चोवीस तास—"

"तुझ्या त्या वयात तू खुर्चीवर होतास," मी म्हटलं.

"प्राध्यापकबाई अजून परीक्षा घेतात!" पुन्हा ते दात.

गोयको ताटाकडे बघत खात होता. त्याने त्या दुपारी ताटाचा जितका अभ्यास केला तितका माझ्या विद्यार्थ्यांनी पुस्तकाचा केला असता तर देशातले पूल बरे झाले असते.

मग रेल्या ग्लास घेऊन उठला. घरधन्याच्या नावाने प्यायची वेळ झाली होती. सगळे उठले, मीही उठले, रीत आहे ती.

"मित्रांनो," तो म्हणाला, आणि आवाजात मध ओतला, "व्लादन माझा तरुणपणापासूनचा दोस्त. मध्यंतरी बिचाऱ्याची तब्येत बिघडली. परक्या गावात, विमानात, एवढ्या जबाबदारीच्या क्षणी. तो बोलत नाही, अभिमानी आहे. पण आज तो बरा होऊन आपल्यासमोर उभा आहे, याचा आपल्या सगळ्यांना, कंपनीलासुद्धा, आनंद आहे. सोमवारी तो पुन्हा आकाशात असेल. तर घरधन्याच्या आजारातून उठण्यासाठी, आणि त्याच्या आरोग्यासाठी!"

त्या क्षणी मला त्याची खेळी कळली, आणि खरं सांगते, तेवढी अक्कल त्याच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्याच स्लावेला आपल्याच नावाने उचललेला ग्लास घरधनी प्यायला नाही, तर तो घरादाराचा आणि संताचा अपमान. प्यायला, तर वैमानिकांच्या साक्षीने आजार कबूल. शिवाय 'आजार', 'आरोग्य' एकाच घोटात; एक गिळायचं आणि एक थुंकायचं कसं? टेबलाभोवती सगळे ग्लास धरून उभे. बिसेर्का दारात भांडं घेऊन उभी, ओठ पुटपुटत होते: पी, पी, देवा, पिऊ दे याला.

व्लादनने आपल्या ग्लासकडे पाहिलं. मग तो टेबलावर ठेवला. तियानाच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, आणि बसला.

माणूस खुर्चीवर बसला, यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्यातले नाही. कर्नलच्या हातातली कुबडी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"काय रे, काय झालं?" रेल्या म्हणाला. "बरं नाही वाटत?" अजूनही त्याला संधी दिसत होती!

"बरं आहे. थकलोय," व्लादन म्हणाला. "सकाळपासून उभा आहे. थकलेला माणूस बसतो, रेल्या. माल्टाला मी एवढंच केलं. आजारी नव्हतो, तिथेही नव्हतो, इथेही नाही. आता तुझं भाषण पुन्हा कर, आजार वगळून. मी आनंदाने पिईन."

रेल्याने कुणीतरी हसेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "स्लावेला घरधनी बसतो का कधी? लोक काय म्हणतील, व्लादन? संत काय म्हणेल?"

"संताचं मी बघतो," व्लादन म्हणाला.

तेव्हा बिसेर्का पुढे आली. आता ही रडणार, नाहीतर नवऱ्याच्या वतीने माफी मागणार, अशी माझी खात्री होती. तिने टेबलावरून एक स्वच्छ ताट घेतलं, त्यात खिमा वाढला, पाव ठेवला आणि ते नवऱ्यापुढे सरकवलं. "सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस," म्हणाली. एवढंच. रस्सा टेबलावर सांडला.

व्लादन खायला लागला. भुकेला माणूस खातो तसा, पावाने ताट पुसत.

"झालं तर मग," तिहोमिर म्हणाले. "घरधनी बसला की पाहुण्याने उठायचं असतं."

"अशी काही रीत नाही," रेल्या म्हणाला.

"आजपासून आहे. कोट कुठाय तुझा? हा का? छान आहे, विमानातून स्वस्तात आणलास का?"

रेल्या गेला. जाताना बाटली न्यावी की नाही यावर तो क्षणभर अडला. माझ्या डोळ्यांदेखत अडला. ठेवून गेला. तियानाने आपला रस उचलला आणि "घरधन्याच्या नावाने" म्हणाली, आणि आम्ही सगळे प्यायलो. गोयकोही प्यायला, पण दार बंद झाल्यावर. ते मी विसरलेले नाही.

त्यांनी व्लादनला काढलं नाही. काढलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी फक्त त्याला उडवलं नाही. डिसेंबरचं वेळापत्रक आलं, कोरं. जानेवारीचंही कोरं. स्वतंत्र व्यावसायिक तो, स्वतंत्रपणे उपाशी राहू शकतो. मग करार आपोआप संपला. तपासनीसांपुढे मात्र त्याने सगळं सांगितलं, समुद्रावरच्या त्या झोपेसकट, आणि तियानाही त्याच्या शेजारी बसून बोलली. चौकशी चालू आहे असं म्हणतात. आमच्याकडे चौकशा बसतात तेव्हा कुणाला रीत आठवत नाही. वर्षानुवर्षं बसून राहतात.

व्लादन आता व्रशात्सला पोरांना ग्लायडर शिकवतो. आठवड्याचे चार दिवस तिथे, बाकी घरी. बिसेर्का शिकवण्या घेते. भिंतीपलीकडून दिवसभर तीच चुकीची सुरावट ऐकू येते. ते लोक सुखी आहेत असं मी म्हणणार नाही. तिला कधीकधी त्याचा राग येतो, आणि ती तो लपवत नाही. पण परवा लिफ्ट बंद होती, आणि तो माझ्या बटाट्यांची पिशवी घेऊन माझ्या पुढे सहा मजले चढला, एकदाही न थांबता. मीच मधे थांबले.

रेल्या मला मागच्या महिन्यात बाजारात भेटला. लोणच्याच्या मिरच्यांसाठी रांग होती. "व्लादन कसा आहे?" त्याने विचारलं, चेहरा लांब करून, मयताला आल्यासारखा. "वाईट वाटतं हो. एका शब्दाचा प्रश्न होता. मी त्याला वाचवायला गेलो होतो."

"तू पुन्हा उडायला का नाही लागत, रेल्या?" मी म्हटलं. "वैमानिक कमी पडतायत ना तुम्हाला? व्लादनच्या जागी बस. त्याच पाळ्या, तीच बाटली विकत घेऊन."

"मी?" तो म्हणाला. "छे हो! ते आता झेपणार आहे का मला?"

मिरच्यावालीने माझ्या मिरच्या तोलून दिल्या आणि त्याला विचारलं, किती? तो मिरच्या न घेताच रांगेतून बाहेर पडला.